मिर्रा लोख्वित्स्काया मराठीत आणताना: पाठ कोणता धरावा आणि छंदाचं काय करावं?

पानगळ

मिर्रा लोख्वित्स्काया (1869–1905) या रशियन कवयित्रीच्या काही कविता मूळ रशियनमधून मराठीत करायच्या आहेत. रशियन वाचता येतं, पण जुन्या कवितेची सवय नाही. सुरुवात ‘येस्लि ब शास्त्ये मयो बिला वोल्निम अर्लोम’ (माझं सुख मुक्त गरुड असतं तर) या 1891 च्या कवितेपासून करायची आहे. अडचणी अशा:

नेटवर एकाच कवितेच्या तीन प्रती काढल्या तर विरामचिन्हं तिन्हीकडे वेगळी. काही ठिकाणी शब्दच बदललेले दिसतात. प्रमाण पाठ कोणता समजायचा? जन्मतारीखही कुठे 19 नोव्हेंबर, कुठे 1 डिसेंबर दिली आहे. पुश्किन पारितोषिकाचं वर्षही जुळत नाही.

दुसरं छंदाबद्दल. कविता यमकात आणि पक्क्या ठेक्यात आहे. मुक्तछंदात आणली तर उरणार काय, असं वाटतं. मराठी वृत्तांपैकी काही जवळचं आहे का?

आणि शेवटचं, तिच्यावरच्या प्रत्येक लेखात ‘रशियन सॅफो’ (सॅफो म्हणजे प्राचीन ग्रीक कवयित्री) आणि कवी बाल्मोंतबरोबरचं प्रेमप्रकरण येतंच. टिपण लिहिताना त्याला किती जागा द्यावी?

यात_आणि_फीता

आधी तारखा, कारण ते लवकर संपतं. दोन्ही तारखा बरोबर आहेत. 1918 पर्यंत रशियात ज्युलियन पंचांग होतं. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत 12 दिवस मिळवायचे, विसाव्या शतकातल्या तारखेत 13. म्हणून जन्म 19 नोव्हेंबर 1869 म्हणजे आपला 1 डिसेंबर, आणि मृत्यू 27 ऑगस्ट 1905 म्हणजे 9 सप्टेंबर. सगळीकडे 13 मिळवले की जन्मतारीख 2 डिसेंबर होते, ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. टिपणात एकच पद्धत धरा आणि कंसात दुसरी द्या. शिवाय झिनाईदा गिप्पियस ही दुसरी रशियन कवयित्री त्याच वर्षी, जुन्या पंचांगाने 8 नोव्हेंबरला, म्हणजे नव्या पंचांगाने 20 नोव्हेंबरला जन्मली. दोघींच्या तारखा शेजारी ठेवून काही लिहिणार असाल तर दोन्ही एकाच पंचांगात आणून मगच तुलना करा.

पारितोषिकाचं म्हणाल तर पहिला संग्रह 1896 चा आणि त्याला सन्मान 1897 मध्ये मिळाला. तोही अर्धा. विज्ञान अकादमीचं पुश्किन पारितोषिक पूर्ण 1000 रुबलचं असायचं, अर्धं 500 चं. अर्धं म्हणून कमी समजू नका, चेखवला 1888 मध्ये अर्धंच मिळालं होतं. पाचव्या खंडासाठी तिला 1905 मध्ये पुन्हा अर्धं पारितोषिक मिळालं, पण मृत्यूनंतर.

आता पाठ. तिच्या हयातीत पाच खंड निघाले: 1896, 1898, 1900, 1903 आणि 1904. सगळ्यांचं नाव एकच, ‘स्तिखत्वरेनिया’ म्हणजे नुसतं ‘कविता’. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत खंड वर्षावरून ओळखावे लागतात. त्यातल्या कवितांचा कालखंडही सोबत दिलेला असतो, पहिल्या खंडात 1889 ते 1895. सूचीत ‘लोख्वित्स्काया’ सापडली नाही तर ‘जीबेर’ पाहा. तिने 1891 मध्ये येव्गेनी जीबेर या बांधकाम अभियंत्याशी लग्न केलं आणि पुस्तकांवर दोन्ही आडनावं येतात. मिर्रा हे टोपणनाव आहे, खरं नाव मारिया, म्हणून आद्याक्षरं ‘म. अ.’ अशी दिसतील. ‘पेरेद झकातम’ (सूर्यास्तापूर्वी) हा संग्रह 1907 चा, मरणोत्तर. त्यातल्या कवितांवर तिचा शेवटचा हात फिरला असं धरून चालू नका.

नियम सोपा ठेवा. जी कविता हयातीतल्या खंडात आहे तिथे तोच पाठ मूळ. मासिकातला पाठ त्याआधीचा, तो पाठभेद म्हणून. नेटवरची प्रत केवळ शोधायला. मॉस्कोचं रशियन राज्य ग्रंथालय आणि पीटर्सबर्गचं राष्ट्रीय ग्रंथालय या दोन्हींच्या डिजिटल संग्रहांत आधी पाहा. सोव्हिएत काळात तिची पुस्तकं फारशी निघालीच नाहीत, निवडक कविता पुन्हा छापल्या जाऊ लागल्या त्या 1990 नंतर. म्हणून नेटवरच्या बऱ्याच प्रती स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या किंवा एकमेकींवरून उतरवलेल्या आहेत.

त्या प्रतींत नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. 1918 च्या सुधारणेआधीच्या लिपीत ‘यात’, ‘फीता’ आणि ठिपक्याचं ‘इ’ अशी आज नसलेली अक्षरं होती, आणि कठोर व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘एर’ हे मूक चिन्ह. आजच्या रशियनसाठी बनवलेलं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) ‘यात’ला कधी कठोर चिन्ह समजतं, कधी मृदू. मग शब्द अर्धवट दिसतो आणि नंतर कुणीतरी तो अंदाजाने ‘दुरुस्त’ करतं. बदललेले शब्द दिसतात ते बहुतेक तिथून आलेले असतात. शंका आली की स्कॅनचं पान उघडून तेवढी ओळ डोळ्यांनी वाचायची, दुसरा उपाय नाही.

अजून दोन जागा. एक, ‘यो’ या स्वरावरचे दोन ठिपके तेव्हाही छापत नसत, आजही बहुतेक छापत नाहीत. तुमच्या पहिल्याच ओळीत ‘मये’ असं लिहिलेलं दिसेल, वाचायचं ‘मयो’. दोन, ‘तिचा’ या अर्थाचं जुनं रूप ‘येया’ असं होतं. आधुनिक लेखनात ते ‘येयो’ झालं की जिथे ते यमकात आहे तिथे यमकच मोडतं. जुनं रूप यमकात आलं असेल तर तसंच ठेवायचं.

लगावली

छंदावर सविस्तर लिहितो, कारण इथे मराठीला एक सोय आयती मिळाली आहे.

रशियन छंद आघातावर चालतो, आपला लघु-गुरूवर. तत्त्व वेगळं, पण साचे जुळतात. तुमच्या कवितेची पहिली ओळ अशी फोडा:

ये-स्लिब-शा / स्त्ये-म-यो / बि-ला-वो / ल्निम-अर-लोम

अक्षरं 12, आघात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या अक्षरावर. दोन हलकी, एक जड, असं चार वेळा. रशियनमध्ये याला चार चरणांचा अनापेस्त म्हणतात. आपल्या भाषेत ‘ललगा’ म्हणजे स गण, आणि चार स गण म्हणजे तोटक वृत्त. पुढची ओळही तपासा: ये-स्लिब-गोर / दा-ओन-व्न्ये / ब्ये-प-रील / ग-लु-बोम. पुन्हा 12, आघात त्याच जागी. यमक जोडीजोडीने येतं आणि प्रत्येक ओळ आघातावर संपते, म्हणजे मराठीत ओळीचं शेवटचं अक्षर गुरूच हवं. तोटकात ते तसं असतंच.

मोजताना कुठे चुकतं: देवनागरीत लिहिलं की ‘येस्लि ब’ मधला ‘ब’ वेगळं अक्षर वाटतो. तो स्वर नसलेला आहे, मोजायचा नाही. ‘व न्येबे’ (आकाशात) मधला ‘व’ तसाच, दोनच अक्षरं धरायची. हे मोजलं तर ओळ 13 किंवा 14 अक्षरांची होते आणि छंदच सैल आहे असा समज होतो. तिचा छंद सैल नसतो. तुमची मोजणी जुळत नसेल तर आधी मोजणी तपासा, मग पाठ.

आता तोटकात दोन ओळींचा कच्चा खर्डा, फक्त साचा दाखवण्यासाठी:

जर हे गरुडापरि सौख्य असे,
नभि उंच फिरे, अभिमान दिसे

‘गरुड’ हा शब्द तीन लघूंचा, तोटकात बसत नाही. ‘गरुडा’ असं सामान्यरूप केलं की नेमका स गण. सोयीचं आहे, पण किंमत बघा. मूळात सुख ‘गरुड असतं’, गरुडासारखं नसतं, माझ्या ओळीत ती उपमा झाली. ‘मुक्त’ गेलं. आकाशाचा निळा रंग गेला. आणि ‘नभि’ ऱ्हस्व करावं लागलं.

दुसरी कविता घ्यायची असेल तर ‘या ल्युब्ल्यू त्येब्या काक मोर्ये’ (समुद्राला जसा सूर्योदय आवडतो) हिची पहिली ओळ 15 अक्षरांची आहे, जड-हलकं-जड-हलकं अशी, शेवटी जड. म्हणजे हुबेहूब चामर वृत्त. तिथे एक फरक: तेराव्या जागेवर रशियन ओळीत आघात गळला आहे (‘सोल्न्येच्नी’चं शेवटचं अक्षर तिथे येतं). दोन अक्षरी गणांत रशियन कवी असे आघात सर्रास गाळतात आणि त्यातून ओळीला श्वास मिळतो. चामरात गुरू गाळता येत नाही, त्यामुळे मराठी ओळ मूळापेक्षा जास्त ठोकळ वाजणार. ‘या खचू उमिरेत मलदोय’ (मला तरुण मरायचंय) ही 9 अक्षरांची, तीन स गण. सुरुवातीला हीच सोपी पडेल, यमकं मात्र एकाआड एक ओळीत आहेत.

ऋतुमान

लगावली, साचा जुळतो हे मान्य, पण तोटक घ्यायला माझा विरोध आहे. कान ज्याला तोटक म्हणून ओळखतो ती चाल स्तोत्राची आहे. ही कविता स्तोत्र नाही. पहिल्या कडव्याच्या शेवटी बोलणारी म्हणते, जिवंत असो की मेलेला, तू माझा झाला असतास. त्याला धनुष्य ताणल्याचा जोर हवा, आरतीचा नको. आणि रशियन ओळीत त्या ठेक्याला आडवं जाणारं पुष्कळ आहे. ‘बिला’ या शब्दाचा स्वतःचा आघात ‘बि’वर आहे, म्हणजे छंद जिथे हलकं मागतो तिथे थोडं जड येतं. चौथ्या ओळीतला विराम सातव्या अक्षरानंतर पडतो, गणाच्या मधोमध. हे तोटकात करायचं तर शब्द निवडायला जागाच उरत नाही.

माझं मत मात्रावृत्ताकडे. एका स गणाच्या मात्रा चार, चार गणांच्या सोळा. म्हणजे पादाकुलक घ्या, आठ-आठ मात्रांचं. ओळीची लांबी मूळाइतकीच राहते आणि लघु-गुरूंचा क्रम मोकळा होतो:

सुख जर असते मुक्त गरुड अन्
निळ्या नभातुन फिरते गर्वे

यात मुक्तही आहे, निळंही आहे, गर्वही आहे, आणि सुख गरुड ‘असतं’, गरुडापरि नाही. यमक अजून बसवायचं आहे, ते इथे सोपं आहे कारण शेवटच्या शब्दाला एकाच गणाचं बंधन नाही. ‘निळ्या’त जोडाक्षर असलं तरी ‘नि’वर आघात येत नाही, लघुच मोजायचा, हे विसरू नका.

एक धोका मात्र आहे. पादाकुलकात एका ओळीत सगळे लघू आणि दुसरीत सगळे गुरू आले तर मूळाचा पळता ठेका जातो. निदान प्रत्येक ओळीचा शेवट ‘ललगा’ किंवा ‘गागा’ असा ठेवा, म्हणजे ओळ आपटून थांबते. रशियन पुरुषी यमकाचं (शेवटच्या अक्षरावर आघात असलेल्या यमकाचं) काम तेवढ्याने होतं.

लगावली

चौथ्या ओळीच्या विरामाचा मुद्दा पटला, तो तोटकात येणं अवघड आहे. स्तोत्राच्या चालीबद्दल मात्र इतका ठाम नाही. ती चाल वाचणाऱ्याच्या कानात असते, आणि वाक्य ओळीच्या शेवटी न संपवता पुढच्या ओळीत ओढलं की ती बरीच मोडते. पण पहिल्याच भाषांतरासाठी पादाकुलक जास्त सुरक्षित, हे खरं. तोटक ‘मला तरुण मरायचंय’साठी राखून ठेवा, तिथे ओळी लहान आहेत आणि मूळही मंत्रासारखं सरळ चालतं.

कर्तरी

छंदाइतकीच मोठी एक अडचण कुणी मांडली नाही, ती व्याकरणाची.

रशियन भूतकाळात क्रियापद कर्त्याचं लिंग दाखवतं. पहिल्या कडव्यात ‘नतिनूला’ (ताणलं), दुसऱ्यात ‘सर्वला’ (खुडलं), तिसऱ्यात ‘अपुस्तीलास’ (खाली उतरले), सगळीकडे स्त्रीलिंगी ‘ला’. म्हणजे पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीतच वाचकाला कळतं की शिकार करणारी बाई आहे. 1891 मध्ये या कवितेचा दणका त्यात आहे. प्रेमाच्या कवितेत धनुष्य हातात घेणारी, कड्यावर चढणारी, नदीच्या तळाशी बुडी मारणारी ती.

मराठीत काय होतं? ‘मी धनुष्य ताणलं असतं.’ ‘मी ते फूल खुडलं असतं.’ सकर्मक क्रियापद कर्माकडे जातं आणि बोलणारी बाई की बाप्या हे लपतं. उलगडा थेट तिसऱ्या कडव्यात, अकर्मक क्रियापद आलं की. म्हणजे जी गोष्ट मूळात तिसऱ्या ओळीत कळते ती मराठीत अकराव्या ओळीपर्यंत पोचत नाही. वाचक तोवर पुरुष धरून चालतो, आणि कविता साधीसुधी होऊन जाते.

उपाय: पहिल्या कडव्यात एक अकर्मक क्रियापद किंवा स्त्रीलिंगी विशेषण घाला. ‘उभी’ पुरेसं आहे, किंवा ‘सरसावले असते’. तिसऱ्या कडव्यातली ओळ पादाकुलकात अशी येऊ शकते: ‘जलपरि होउन शिरले असते’. आठ आणि आठ, सोळा मात्रा, आणि लिंग स्पष्ट. ‘शिरले असते’ हे शब्द तर तोटकातही दोन पूर्ण स गण आहेत, म्हणजे कुठलंही वृत्त घ्या, ते हाताशी ठेवा. ‘उतरले असते’ मात्र तोटकात बसणार नाही, ‘उतर’मध्ये तीन लघू येतात.

गिप्पियसच्या बाबतीत हाच प्रश्न उलटा होतो. ती पुष्कळ कवितांत स्वतःसाठी पुल्लिंगी रूपं वापरते, तिथे मराठीत ‘मी गेलो’ असंच लिहायला हवं. ‘कवयित्री आहे म्हणून गेले’ अशी दुरुस्ती केली तर तिने मुद्दाम घेतलेला आवाज पुसला जातो. दोघी एकाच वर्षीच्या, एकाच शहरात लिहिणाऱ्या, आणि ‘मी’ हा शब्द वापरायच्या दोन टोकांच्या रीती. टिपणात लिहायला हा मुद्दा सॅफोपेक्षा किती तरी चांगला.

पानगळ

खूप मदत झाली. पादाकुलक नक्की केलं. पहिल्या कडव्यात ‘उभी’ बसवून पाहते. टिपणात बाल्मोंतचं काय करावं, ते तेवढं राहिलं. आणि ‘सेव्हेर’ साप्ताहिकाच्या जुन्या अंकात ‘लोख्वित्स्काया’ नावाखाली एक कविता दिसते ती कुठल्याच खंडात सापडत नाही, तिचं काय?

यात_आणि_फीता

‘सेव्हेर’चा अंक कुठल्या वर्षाचा आहे ते आधी बघा. मिर्राचं नियतकालिकातलं पदार्पण तिथेच झालं, 1889 मध्ये. पण 1901 चा अंक असेल तर ती कविता बहुधा धाकट्या बहिणीची. नादेझ्दा लोख्वित्स्काया, म्हणजेच पुढे विनोदी लेखनासाठी गाजलेली टेफी, हिची पहिली कविता 1901 मध्ये ‘सेव्हेर’मध्येच माहेरच्या आडनावाने आली. आडनावापुढचं आद्याक्षर ‘म’ आहे की ‘न’ हे स्कॅन मोठं करून पाहा. ‘ये’ असेल तर येलेना, तीही बहीणच आणि तीही लिहायची. आद्याक्षर पुसट असेल आणि कविता खंडांत नसेल तर मिर्राच्या नावावर छापू नका.

बाल्मोंतबद्दल: पक्कं एवढंच आहे की 1903 च्या ‘बूदेम काक सोल्न्त्से’ (सूर्यासारखे होऊया) या त्याच्या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत ती आहे, ‘रशियन सॅफो’ हे शब्दही तिथे आहेत. पण ती अर्पणपत्रिका तिच्या एकटीची नाही, ब्र्यूसोव, बाल्त्रुशाइतिस आणि इतर मित्रही तिच्यात आहेत. लेखांत हे गाळतात आणि सगळं पुस्तक तिला अर्पण केल्यासारखं लिहितात. दोघांच्या कवितांमध्ये एकमेकांना उत्तरं दिलेली दिसतात, ते कवितांवरून दाखवता येतं. खाजगी आयुष्याबद्दलची विधानं बहुतेक त्याच कवितांवरून केलेले तर्क आहेत. एक परिच्छेद पुरे, आणि त्यात कविता समोरासमोर ठेवा.

कर्तरी

त्याच्या जोडीला लेखक बूनिनची आठवण द्या. तो तिला चांगला ओळखत होता, आणि त्याने लिहून ठेवलंय की तिच्या कविता वाचून लोक मदिरेत धुंद झालेल्या एखाद्या स्त्रीची कल्पना करतात, पण ती घरकोंबडी, लग्न झालेली, मुलांची आई होती. मुलगे पाच होते. कवी स्लुचेव्स्कीच्या घरी भरणाऱ्या ‘शुक्रवार’च्या कविमंडळात ती असायची, याहून फार मोठा गोतावळा नव्हता. पस्तिसाव्या वर्षी गेली, पीटर्सबर्गला अलेक्सान्द्र नेव्स्की मठाच्या दफनभूमीत तिची कबर आहे.

‘मला तरुण मरायचंय’ ही कविता घेणार असाल तर तिच्याखाली ‘आणि तसंच झालं’ अशी तळटीप घालण्याचा मोह टाळा. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावनेत ते येतं आणि त्यामुळे कविता भविष्यवाणी म्हणून वाचली जाते. ती छंदाची लगाम हातात ठेवून लिहिलेली कविता आहे. तळटीप द्यायचीच तर यमकांच्या क्रमाची द्या.

ऋतुमान

कवी सेवेर्यानिनचा उल्लेख राहू नये. तिच्या मृत्यूच्या वेळी तो अठरा वर्षांचा होता, तिला कधी भेटला नाही, आणि पुढे आयुष्यभर तिला गुरुस्थानी मानत राहिला. आपल्या कल्पनेतल्या देशाला त्याने ‘मिर्रेलिया’ हे नाव दिलं. तिच्या नंतरच्या वाचकांचा माग काढायचा असेल तर बाल्मोंतपेक्षा इथून सुरुवात केलेली बरी.

पानगळ, चारही कडवी झाली की इथेच टाका. चौथ्या कडव्यात सुख ‘तुझ्या हृदयात’ जातं आणि ‘तू’ पुन्हा समोर येतो, तिथे पहिल्या कडव्यातल्या ‘तू माझा’शी शब्द जुळायला हवेत. पहिलं कडवं पक्कं करण्याआधी चौथ्याचा खर्डा करून ठेवा.